शैतानाला बोलावलं कुणी?

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याला लातूरहून नांदेडला परत आणलं. नीटच्या तयारीसाठी तो तिथे खोली करून राहत होता. मार्क वाईट नव्हते, फी भरलेली होती, मेसच्या वरणाबद्दल सगळी पोरं करतात तेवढीच तक्रार होती. परत आणलं ते लॅपटॉपवर सापडलेल्या एका गेममुळे. भेटायला गेलेल्या एका नातेवाइकाने पडद्यावर शिंगं असलेलं काहीतरी पाहिलं, शेजारी इंग्रजीत ‘डेमन’ हा शब्द वाचला आणि संध्याकाळच्या आत आपाच्या घरी फोन आला: “तुम्हारा छोरा शैतान को बुला रा.”

पुढचं सगळं आठ दिवसांत उरकलं. लॅपटॉप विकला. घरातल्या बैठकीत चार वडीलधाऱ्यांसमोर पोराला तौबा करायला लावली. मग कुणीतरी म्हणालं, नुसत्या तौबेने भागणार नाही, असर उतरवायला हवा. म्हणून त्याला एका आमिलाकडे नेलं. त्या खोलीत काय झालं ते पुढे सांगतो. आधी ज्या गेमवर हा खटला चालला तो काय आहे ते सांगू द्या, कारण त्या आठ दिवसांत हा प्रश्न एकाही माणसाने विचारला नाही. मीही नाही. वीस वर्षं मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, धडा न वाचता उत्तर लिहिणाऱ्याला रागावतो, आणि त्या बैठकीत मी चहाचा कप हातात धरून गप्प बसलो होतो. हे लिहायचं कारण तेच आहे.

गेमचं नाव ‘शिन मेगामी तेन्सेई 3: नॉक्टर्न’. जपानच्या ॲटलस कंपनीचा. जपानमध्ये तो 2003 साली प्लेस्टेशन 2 वर आला, आणि नव्याने घासूनपुसून 2021 साली जगभर, संगणकावरसुद्धा. ‘मेगामी तेन्सेई’ म्हणजे देवीचा पुनर्जन्म. या सगळ्या मालिकेचं मूळ आया निशितानी या जपानी लेखकाच्या 1986 सालच्या कादंबरीत आहे. त्या कादंबरीत शाळेत मार खाल्लेला, चारचौघांत अपमान झालेला एक हुशार मुलगा सूड घेण्यासाठी संगणकावर सैतान बोलावणारा प्रोग्राम लिहितो. जे येतं ते मग त्याच्याही हाताबाहेर जातं. 1987 साली त्यावर पहिला गेम निघाला आणि तिथून ही मालिका आजपर्यंत चालू आहे.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तकं तपासायचं थांबवलं होतं. ज्याला आपण ‘शैतानी गेम’ म्हणतो त्याची सुरुवात एका अशा पोरापासून होते ज्याला कुणी मोठ्या माणसाने विचारलं नाही की बाबा, तुझ्या तोंडाला काय लागलंय.

नॉक्टर्नमध्ये काय होतं? टोकियोतला एक शाळकरी मुलगा दोन वर्गमित्रांबरोबर आजारी वर्गशिक्षिकेला भेटायला दवाखान्यात जातो. तिथे असताना जग संपतं. जे उरतं ते एखाद्या गोळ्याच्या आतल्या बाजूला चिकटलेलं उजाड टोकियो, आणि त्यात भुतंच भुतं. हा मुलगा अर्धा माणूस, अर्धा सैतान होऊन जागा होतो. आता नवीन जग जन्माला घालायचं आहे आणि ते कोणत्या तत्त्वावर, यासाठी झगडा सुरू होतो. एक जण म्हणतो, जिथे कुणालाच इच्छा-वासना नाही असं निःशब्द जग हवं. वर्गातली मुलगी म्हणते, बलवान तेवढेच जगावेत. आणि दुसरा वर्गमित्र, इसामू त्याचं नाव, म्हणतो की प्रत्येकाने एकट्याने जगावं, कुणाला कुणाची गरजच नसावी. तो असा का म्हणतो हे भाच्याने मला सांगितलं, ते ऐकून घ्या: तो कैदेत पडलेला असतो, त्याचे हाल होतात, आणि मदत येते ती त्याच्या लेखी फार उशिरा.

वाटेत भेटणाऱ्या भुतांशी नुसतं लढायचं नसतं, बोलायचंही असतं. ती पैसे मागतात, वस्तू मागतात, तिरपे प्रश्न विचारतात. उत्तर पटलं तर सोबत येतात, नाही पटलं तर घेतलेलं घेऊन पळतात. मग दोघांना एकत्र करून तिसरं घडवायचं. यात मला परकं काही वाटेना, कारण आमच्या पिढीने चांदोबा वाचलाय. पाठीवर वेताळ, स्मशानाची वाट, आणि उत्तर माहीत असून दिलं नाहीस तर डोक्याची शंभर शकलं. आमच्या मोहल्ल्यात चांदोबाचा एकेक अंक दहा घरं फिरायचा. कुणाच्या अब्बांनी त्यासाठी पोराला आमिलाकडे नेल्याचं मला आठवत नाही.

आणि उर्दूचं काय? ‘दास्तान-ए-अमीर हमज़ा’ लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने 46 जिल्दांत छापली. त्यातल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’मध्ये पानापानावर जादूगार आहेत, देव आणि पऱ्या आहेत, स्वतःला खुदा म्हणवणारा लका आहे आणि त्याला सज्दा करणाऱ्या फौजा आहेत. हे वाचून आपल्या बुजुर्गांचा अकीदा बिघडला नाही. ते उमर अय्यारच्या खोड्यांवर हसले, लकाच्या खुदाईची टर उडवली आणि इशाच्या नमाजेला उठले. छापणारा हिंदू होता आणि त्याच छापखान्यातून कुरआनही छापून निघत होता, हे जाता जाता. अभ्यासक्रमात दास्तानीचा उतारा आला की मी कौतुकाने शिकवतो. मग जपानी माणसाने तेच पडद्यावर आणलं तर माझ्या घशात घास का अडकावा?

आता ती खोली. आमिलाने लोबान लावला, पोराच्या नावाचे आकडे काढले आणि सांगितलं की संगणकातून एक काफिर जिन्न याच्या मागे लागलाय. मग त्या जिन्नाला ‘बोलतं’ करण्यासाठी सतरा वर्षांच्या मुलाचे केस धरून त्याच्या तोंडात मारल्या. दुल्हेभाई दाराशी उभे होते. पैसे दिले, तावीज घेतला, घरी आले.

म्हणजे पाहा. पडद्यावरचा सैतान बटण दाबलं की जातो, तो खोटा आहे हे खेळणाऱ्या पोराला पक्कं ठाऊक असतं. या खोलीत मात्र जिन्न खराच आहे असं धरून कारभार झाला, त्याला बोलावलं गेलं, त्याच्याशी सौदा झाला, पैसे मोजले गेले. गेममध्येही भुतं पैसे घेतात, पण ते पैसे खोटे असतात. महाराष्ट्रात याविरुद्ध कायदा आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पहिलीच बाब ही आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हा कायदा ‘त्यांच्या’ बाबा-बुवांसाठी आहे, आपल्या आमिलांसाठी नाही, असा आपल्यातल्या बऱ्याच जणांचा गोड समज आहे.

कायदा राहू द्या, दीनचं बोलू. जिन्न आहेत हे आपण मानतो. त्यांच्या नावाची एक अख्खी सूरह आहे. हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या ताब्यात जिन्न होते हेही मानतो. पण सूरह बकराच्या 102 व्या आयतीत साफ सांगितलंय की सुलेमानने कुफ्र केलं नाही, कुफ्र केलं ते लोकांना जादू शिकवणाऱ्या शैतानांनी. गंमत अशी की युरोपातल्या मांत्रिकांनी त्याच सुलेमानच्या नावावर 72 सैतानांची यादी रचली, आणि या जपानी गेममधली कितीतरी भुतं त्या यादीतून उचललेली आहेत. ज्या तोहमतीतून कुरआनने सुलेमानला मुक्त केलं तीच तोहमत त्या पोथ्यांत पुन्हा छापली गेली. माझ्या भाच्याला कुणी हे सांगितलं असतं तर तो तोंड उघडं टाकून ऐकत बसला असता. त्याला कुणी सांगितलं नाही. त्याच्या तोंडात मारली.

घरच्यांवर एवढं लिहिल्यावर दुसऱ्या बाजूलाही सोडणार नाही. ही गेम-परीक्षणं लिहिणारी जाणकार मंडळी काय म्हणतात ते मी महिनाभर वाचलं. नॉक्टर्नच्या लढाईच्या पद्धतीचं सगळ्यांना कौतुक. शत्रूची कमजोरी ओळखून वार केला की जादा चाल मिळते, वार हुकला तर दोन चाली जातात, आणि हाच नियम शत्रूलाही लागू. तक्रार काय, तर फार कठीण आहे, गोष्ट तुटक आहे, वाट सापडत नाही. याच मालिकेचा पाचवा भाग 2021 च्या नोव्हेंबरात आला. परीक्षकांच्या मार्कांची सरासरी शंभरात 80 च्या वर. पुन्हा तेच: लढाई उत्तम, संगीत उत्तम, कथा पातळ, पात्रं येतात आणि मध्येच हरवतात, निन्टेन्डोच्या यंत्रावर चित्र अडखळतं. 2024 साली त्याची ‘व्हेन्जन्स’ नावाची वाढीव आवृत्ती निघाली तेव्हा कथा भरली म्हणून समाधान व्यक्त झालं. खेळणाऱ्यांचे वादही याच अंगाने जातात, फक्त आवाज चढा: कठीण आहे म्हणून थोर की कठीण आहे म्हणून भिकार.

अरे, पण या पाचव्या भागाची गोष्ट काय आहे? ल्युसिफरने खुदाला मारलंय, तख्त रिकामं आहे आणि त्यावर बसायची संधी खेळणाऱ्याला आहे. एवढं मोठं विधान समोर ठेवलेलं, आणि बहुतेक परीक्षणांत चर्चा चित्र अडखळण्याची! हे म्हणजे निबंध तपासताना समास सोडलाय का, अक्षर कसं आहे, खाडाखोड किती, याचे मार्क द्यायचे आणि पोराने लिहिलंय काय ते वाचायचंच नाही. आमच्या घरच्या पंचांनी एक शब्द वाचून फाशी दिली. या जाणकारांतले बहुतेक जण पूर्ण पेपर वाचतात आणि उत्तराकडे बघत नाहीत. “शेवटी गेमच तर आहे” हे वाक्य मला “शैतानी गेम आहे” इतकंच आळशी वाटतं.

उत्तराकडे बघितलं ते माझ्या भाच्याने. लॅपटॉप विकल्यावर दोन महिन्यांनी त्याने मला एक वही दिली. जीवशास्त्राची वही, मागच्या बाजूने लिहिलेली चार पानं, अर्धी मराठी, अर्धी उर्दू, मध्ये इंग्रजी. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत मांडतो. या गेममधले फरिश्ते शेवटी कुणाच्या बाजूने उभे राहतात? “बलवान तेवढेच जगावेत” म्हणणाऱ्या मुलीच्या. इथे लेखक घसरला, असं पोरगं लिहितं. त्यांना वाटतं खुदाचा कायदा म्हणजे चिरडणारी शिस्त, आणि त्याला पर्याय म्हणजे बंड. त्यांच्या खुदाला कहर माहीत आहे, रहम माहीत नाही. आपण प्रत्येक कामाची सुरुवात ज्या दोन नावांनी करतो ती दोन्ही नावं रहमचीच आहेत, आणि या एवढ्या मोठ्या खेळात त्या गुणाला जागा नाही. खाली त्याने कंसात लिहिलंय की 2021 च्या आवृत्तीत ‘मर्सिफुल’ नावाची सोपी पातळी आहे, म्हणजे रहम आहे पण तो सेटिंगमध्ये आहे.

मी बी.एड. केलेला माणूस, सांगतो: हे समीक्षण आहे. जगभरच्या परीक्षणांत मला हा मुद्दा या धारेने कुठे दिसला नाही, कारण तो सुचायला आधी बिस्मिल्लाहचा अर्थ माहीत असावा लागतो आणि मग गेम शेवटपर्यंत खेळलेला असावा लागतो. आपण दुसरी अट हराम ठरवून पहिल्या अटीचा फायदाही घालवतो.

त्या वहीत आणखी एक प्रसंग आहे. खोलीतला त्याचा जोडीदार अहमदपूरकडचा, घरी महादेवाचा सोमवार करणारा. त्याने पडद्यावर पाहिलं की बालीतल्या रंगदा आणि बारोंग या दोन शक्ती, ज्या तिथल्या नाचात एकमेकींच्या वैरी आहेत, त्यांना एकत्र केलं की शिव तयार होतो. तो भडकला. “आमचा महादेव राक्षसांच्या यादीत, आणि तोही असा कालवून?” भाच्याने त्याला सांगितलं की जपानी लोक या खेळात देव, फरिश्ते, भुतं सगळ्यांना एकाच शब्दात कोंबतात, आमचे जिब्रीलही त्याच पोत्यात आहेत. मग दोघं रात्री दोनपर्यंत भांडले: मूर्ती म्हणजे काय, तौहीद म्हणजे काय, कुणाच्या देवाला खेळात घ्यायचा हक्क कुणाला. सकाळी भौतिकशास्त्राची टेस्ट होती. दोघांचीही बरी गेली नाही. अशी रात्र आमच्या शाळेतल्या सर्वधर्मसमभावाच्या वक्तृत्व स्पर्धेने मला वीस वर्षांत एकदाही दाखवली नाही.

त्या मुलाचा राग मला खोटा वाटत नाही. 2012 साली अमेरिकेतल्या ‘स्माइट’ या गेममध्ये कालीमातेचं ज्या प्रकारे चित्रण होतं त्यावर तिथल्या हिंदू संघटनेने आक्षेप घेतला, आणि त्याला ख्रिस्ती व यहुदी धर्मगुरूंनीही साथ दिली. आपल्याकडचं उदाहरण हवं तर 2020 च्या जूनमधलं पबजी मोबाइल आठवा. त्यात एका नव्या प्रकारात खेळाडूचं पात्र एका मूर्तिस्तंभापुढे वाकून शक्ती मिळवायचं. कुवेत, सौदीकडच्या मुस्लिम खेळाडूंनी नेमकं बोट ठेवलं: ही कृती आम्ही करणार नाही. कंपनीने माफी मागितली, तेवढा भाग काढला. हा आक्षेप मला मान्य आहे, शंभर टक्के. कारण तो खेळलेल्या माणसाचा होता, एका ठरावीक कृतीवर होता आणि ती कृती अकीद्याला खरंच लागत होती. नॉक्टर्न खेळून कुणी आलिमसाहेब म्हणाले की अमुक ठिकाणी तुम्हाला अमुक करावं लागतं आणि ते शिर्क आहे, तर मी खाली मान घालून ऐकेन. फक्त त्यांनी ते ठिकाण दाखवावं.

सरसकट बंदीचं काय होतं तेही पाहू. सौदी अरबने 2001 साली पोकेमॉनवर बंदी घातली, फतवा निघाला, इकडेही त्याच्या झेरॉक्स फिरल्या होत्या. मी त्या वेळी कॉलेजात होतो. 2025 साली ‘पोकेमॉन गो’ चालवणारा गेम-व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरला विकला गेला. विकत घेणाऱ्या कंपनीची मालकी सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीकडे आहे. त्या झेरॉक्स वाटणाऱ्यांपैकी कुणी हे ऐकून काही बोललेलं माझ्या कानावर नाही.

एक आक्षेप मात्र मी स्वतःहून मांडतो, कारण तो खरा आहे. नीटच्या वर्षात पोरगं रात्री गेम खेळत होतं. ते चूक होतं. मी असतो तर लॅपटॉप परीक्षेपर्यंत कपाटात ठेवला असता आणि कपाटाची चावी त्याच्याच अम्मीकडे दिली असती. पण मग तेच बोलायला हवं होतं ना? “अभ्यासाचं वर्ष आहे, बंद कर.” एवढं साधं वाक्य बापाला जड जातं, म्हणून मध्ये शैतानाला आणायचं. वेळ वाया घालवण्याची शिक्षा असते. ईमान गेल्याचा आरोप ही शिक्षा नाही, तो डाग आहे. बैठकीत तौबा केलेला पोरगा आता मशिदीत मागच्या सफमध्ये उभा राहतो, कारण पुढे गेला की लोक वळून बघतात.

दुल्हेभाईंना मी हे सगळं तोंडावर सांगितलं आहे, त्यामुळे पाठीमागे लिहितोय असं नको समजायला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्टर, तुम पढ़े-लिखे लोगाँ का अलगच रहता.” मी म्हणालो, तुमचा मुलगा माझ्यापेक्षा जास्त शिकेल, मग त्याचंही अलगच राहणार का? त्यावर ते उठून वजूला गेले.

भाचा सध्या नांदेडलाच एका क्लासला जातो. घरात बोलत नाही. जेवायला बोलावलं तर येतो, ताट उचलून ठेवतो, खोलीत जातो. आपा म्हणते, असर अजून उतरला नाही, आणखी एखादा आमिल बघावा का. मला इसामू आठवतो.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी शाळेच्या कामाच्या लॅपटॉपवर नाही, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर नॉक्टर्न घातला. पंचेचाळिशीत पहिला गेम. सुरुवातीलाच एक हाडांचा सांगाडा भेटतो, मॅटाडोर, बैलाशी लढणाऱ्या स्पॅनिश माणसाच्या वेशातला, हातात तलवार आणि लाल कापड. त्याने मला चार वेळा मारलं. पाचव्यांदा मेलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी भाच्याला मेसेज टाकला: याला कसं मारायचं?

दोन मिनिटं काही नाही. मग फोनच आला. किती महिन्यांनी.

“मामू, आधी त्याचा वेग कमी करा, नाहीतर तुमचे वार लागणारच नाहीत. आणि हवेचा मारा ज्याला लागत नाही असे साथी घ्या. तुमच्याकडे कोण कोण आहे? थांबा, नावं वाचून दाखवा एकेक.”